हौस आमची, नाव मुलांचे

दिवाळीच्या सुटीआधी आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत पूर्वी दोनच विषय निघत. सणाची उचल हातात केव्हा पडणार, आणि कोणाच्या घरच्या चकल्या यंदा बिघडल्या. हल्ली तिसरा विषय आला आहे. 'यंदा कुठे?' या प्रश्नाला 'गावी' असे उत्तर देणाऱ्याकडे मंडळी जरा कणवेने पाहतात. टेबलावर गुळगुळीत कागदाची पत्रके पडलेली असतात. निळा समुद्र, दहा-बारा मजल्यांची पांढरीशुभ्र बोट, आणि कठड्याशी उभे असलेले चौकोनी कुटुंब. आई, बाप, मुलगा, मुलगी, चौघेही हसत आहेत. खाली ठळक अक्षरांत मजकूर असतो, की युरोपच्या क्रूझची ही सहल म्हणजे मुलांना द्यायची जन्माची शिदोरी आहे.

माझे भांडण आहे ते या शिदोरीशी. बोटीशी नाही, युरोपशी नाही, आणि पैसे खर्च करणाऱ्याशी तर मुळीच नाही. ज्याच्या गाठीला आहे त्याने ते कसे उडवावे हे सांगणारा मी कोण? पण तो खर्च तीन-चार वर्षांच्या पोराच्या नावावर लिहिला जातो, तेव्हा मात्र मास्तर म्हणून मला तोंड उघडणे भाग आहे.

वाचकांनी असे समजू नये की हे कोल्ह्याचे आंबट द्राक्षांवरचे प्रवचन आहे. द्राक्षे मी खाल्ली आहेत. मी श्रीरामपुरातला चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, त्यावर चित्रकलेची पदविका. चार कादंबऱ्या लिहिल्या, त्या जिल्ह्यातल्या वाचनालयांच्या कपाटांत सुखाने नांदत आहेत. अशा माणसाला भूमध्य समुद्रावर जाण्याचे काही कारण नव्हते. परंतु पुण्याला माझा धाकटा भाऊ संगणकाच्या कंपनीत आहे. आईचे पाय चालतात तोवर सगळ्यांनी एकदा परदेशी जाऊन यावे, असे त्याने ठरविले. थोरल्याने धाकट्याच्या पैशावर जाऊ नये, या मानापोटी मी शिक्षकांच्या पतपेढीतून चार लाखांचे कर्ज काढले. अर्जात 'कर्जाचे कारण' असा एक रकाना होता. मी लिहिले : 'मुलीच्या शिक्षणासाठी'.

मुलगी तेव्हा साडेचार वर्षांची होती. आणि सहा वर्षांखालच्या मुलांना शेंगेन व्हिसाची फी पडत नाही. मोठ्यांना २०२४ च्या जूनपासून ती ९० युरो आहे. म्हणजे जिच्यासाठी म्हणून हा सगळा खटाटोप, तिच्या व्हिसाच्या फीचा एक पैसाही द्यावा लागला नव्हता. पुढे जे घडले त्याचे बीज अर्जातल्या त्या रकान्यात होते. ते ओळखायला मला बोटीवर जावे लागले.

लहान मुलांना अशा सहलीला नेण्याविरुद्ध बोलणारे लोक आपल्याकडे आहेतच. त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, 'चार वर्षांच्या पोराला आठवणार काय? पैसे पाण्यात!' या मंडळींशीही माझे जमत नाही. मोठेपणी बहुतेकांची पहिली आठवण तिसऱ्या-चौथ्या वर्षापलीकडे जात नाही, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात, हे खरे आहे. पण आईने अंगाला लावलेले तेल कोणाला आठवते? आजीच्या मांडीवरची दुपारची झोप कोणाला आठवते? मढीच्या यात्रेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेल्या पोराला कानिफनाथांचा गड आठवत नसेल, म्हणून काय तो खांदा वाया गेला? आठवणीची पावती मागून मुलांवर खर्च करायचा म्हटला, तर त्यांना दूधसुद्धा पाजायला नको. तेव्हा हा आक्षेप मी निकालात काढतो.

दुसरा पक्ष उलट्या टोकाचा. तो म्हणतो, जग पाहिले की मूल शहाणे होते, आणि जितके लांबचे जग तितके शहाणपण अधिक. या मंडळींना मी दिवाळीनंतर आमच्या भागात बोलावतो. प्रवरेकाठी लोणीला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि उसाने आमच्या तालुक्यांचे नशीब पालटले. आज त्याच उसाच्या पैशावर बागायतदारांची नातवंडे विमानात बसतात. आणि दिवाळी सरली, की तोच ऊस तोडायला पाथर्डीकडून, बीडकडून टोळ्या येऊन उतरतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि पोरे. ती पोरेही प्रवास करतात. चार वर्षांच्या वयात त्यांनी तीन तालुके आणि दोन नद्या ओलांडलेल्या असतात, महिनोन् महिने ती उघड्यावर राहतात. नुसत्या प्रवासाने शहाणपण येत असते तर वर्गात पहिला नंबर त्यांचा आला असता. प्रत्यक्षात ती पोरे मागे पडतात, कारण त्यांना कोणी नेलेले नसते. मागे सांभाळायला कोणी नाही म्हणून ती आलेली असतात, आणि आईबाप पहाटेपासून फडात असतात.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रवासात मुलाला काय मिळते हे गावांच्या संख्येवर ठरत नाही. त्याच्यासाठी कोणाजवळ किती वेळ आहे यावर ते ठरते. ऊसतोडणीच्या आईबापांना वेळ नसतो, त्याला त्यांचा इलाज नाही. बोटीवर आम्हाला वेळ नव्हता, तो आम्ही पैसे मोजून घालविला होता.

हे कसे ते सांगतो. बोटीचा रिवाज असा की तिने रात्रभर चालायचे, सकाळी बंदराला लागायचे, आणि संध्याकाळी पुन्हा सुटायचे. सात रात्रींत आमची पाच-सहा बंदरे झाली. बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, रोम, नेपल्स. यांत 'रोम' हा शब्दच मुळी फसवा आहे. बोट लागते ती चिविताव्हेक्किया नावाच्या बंदराला, आणि तिथून रोम सुमारे ऐंशी किलोमीटर. नगरहून शिर्डीला जावे तसे. पाच-सहा हजार उतारूंच्या बोटीतून खाली उतरण्याची रांग, बसचा जाता-येताचा वेळ, परत वेळेवर पोहोचण्याची धाकधूक, इतके वजा जाता अडीच हजार वर्षांच्या शहराच्या वाट्याला चार तास आले. त्यातला पाऊण तास आम्ही कोलोसियमच्या बाहेर मुलीसाठी मोरी शोधण्यात घालविला. तिला तिथे एक मांजर दिसले. तिला ते पाहत बसायचे होते. आम्ही तिला ओढून नेले, कारण मांजर श्रीरामपुरातही असते.

आता विचार केला म्हणजे वाटते, त्या चौकात जग पाहत होती ती एकटीच. आम्ही घड्याळ पाहत होतो.

घड्याळाचीही एक गंमत आहे. मे महिन्यात तिकडचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. घरी साडेसहाला उठणारे मूल तिकडे पहाटे तीनला टक्क जागे होते, आणि रात्रीच्या जेवणाला सगळे कुटुंब नटूनथटून बसले की ताटातच डोके टेकते. त्याच्या शरीराच्या हिशेबाने मध्यरात्र झालेली असते. मोठी माणसे दोन दिवस जांभया देऊन सावरतात. मुलाला सावरायला अधिक दिवस लागतात, आणि सहल तर आठवड्याची. माझा पुतण्या दोन वर्षांचा. डायपरमधल्या मुलाला साधारणपणे बोटीवरच्या पोहण्याच्या तलावात उतरू देत नाहीत, आणि मुलांच्या क्रीडाघरात तीन वर्षांखालच्या मुलाला आईबापांवाचून ठेवून घेत नाहीत. हे नियम योग्यच आहेत. पण पत्रकातले ते निळे पाणी पुतण्याने सात दिवस काठावरून पाहिले, आणि माझ्या भावजयीने सात दिवस त्याला कडेवर घेऊन समजावले.

आता नेपल्सची गोष्ट. ती सांगणे मला जड जाते, पण न सांगता हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या सकाळी मुलगी गप्प होती, खात नव्हती. मागे व्हेसूव्हियसचा डोंगर होता. इसवी सन ७९ मध्ये ज्याने पाँपेई गाडून टाकले तोच. भावाने सगळ्यांना ओळीने उभे केले. तो कॅमेरा धरून उभा, मागे बाकीचे लोक जागा सुटण्याची वाट पाहत खोळंबलेले. मुलगी हसेना. मी एकदा सांगितले, दोनदा सांगितले. मग दातओठ खाऊन म्हणालो, 'हस ना! तुझ्यासाठी एवढे पैसे खर्च केले ना!'

ती हसली.

दुपारी कपाळाला हात लावला तो ताप. फोटो निघाला तेव्हाही तो असणार. त्या फोटोत ती छान हसते आहे. सौ.ने तो मोठा करून आणला, मी भिंतीला लावू दिला नाही.

वाचकहो, माझा आक्षेप एवढाच आहे आणि येथे तो पुरा झाला. तोंडाने 'तुझ्यासाठी' म्हणून आपण जेव्हा आपली हौस भागवितो, तेव्हा मुलाच्या डोक्यावर एक देणे बसते. त्याला ते हसून फेडावे लागते. त्याने कंटाळायचे नाही, रडायचे नाही, आजारी पडायचे नाही, मांजर पाहायचे नाही. ज्याने काही मागितले नव्हते त्याच्याकडून आपण आनंदाची वसुली करतो. गावातला सावकारसुद्धा निदान कर्ज घेतलेल्याकडूनच वसूल करतो.

त्याच रात्री तीन वाजता ती उठली. ताप उतरला होता. आईची झोप मोडू नये म्हणून मी तिला घेऊन वरच्या डेकवर गेलो. तिथे एक माणूस बादली आणि लांब दांड्याचे पुसणे घेऊन फळ्या पुशीत होता. आमचे बोलणे कानी पडताच थांबला आणि म्हणाला, 'काय गो बाय, झोप नाय येत?'

राजापूर तालुक्यातला होता. बोटींवर गोव्याची आणि कोकणची माणसे असतात हे ऐकून होतो, पण त्या काळोखात, त्या पाण्यावर, ते शब्द ऐकून माझ्या घशात आवंढा आला. त्याने तिच्या हातात पुसण्याचा दांडा दिला. तिने दोन हात जागा पुसली, आणि त्या प्रवासात पहिल्यांदा कोणी न सांगता हसली. तो म्हणाला, 'माझी पण हाय. आठ महिन्यांची. अजून उचलून घेतली नाय.' नऊ महिन्यांचा करार होता, मूल झाले तेव्हा तो समुद्रावर होता. अशा नोकरीत सहा ते नऊ महिने घर नसते. दर्यावर्दी कामगारांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यानुसार चोवीस तासांत निदान दहा तास विसावा द्यावा लागतो. राहिलेल्या चौदांचा अर्थ वाचकांनीच लावावा.

आम्ही 'मुलांबरोबर वेळ घालवायला' ज्या बोटीवर चढलो होतो, तिच्या फळ्या पुसायला एक बाप आपले मूल न पाहता आला होता. मुलाच्या नावावर बोटीवर चढण्याचा खरा अधिकार त्याचा होता. त्याने मात्र तसा शब्द काढला नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, आपल्या लोकांनी पूर्वीही लहान मुलांना बोटीने नेले आहे. नेले आहे ना! १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांची मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. पती वारलेले, समाज पाठीशी नाही, आणि कडेवर पोर. पण बाई आपल्या शिक्षणासाठी निघाल्या होत्या. मुलीला जग दाखवायला चालले आहे, अशी त्यांची बतावणी नव्हती. ती मुलगी पुढे आईच्या कामात तिचा उजवा हात झाली. नगरहून दौंडमार्गे पुण्याला जाताना गाडी केडगाव स्टेशनवरून जाते. हे केडगाव आपल्या नगरचे नव्हे, रमाबाईंच्या मुक्तिसदनाचे. तेथून जाताना मला हल्ली त्या कडेवरच्या पोरीची आठवण होते.

दुसरे उदाहरण नगरच्या किल्ल्यातले. जवाहरलाल नेहरू १९४२ पासून तिथे कैदेत होते आणि १९४४ साली तिथेच त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे आमच्या जिल्ह्यातले शेंबडे पोरही सांगते. याच नेहरूंनी १९२६ च्या मार्चमध्ये आजारी कमलाबाई आणि आठ वर्षांची इंदिरा यांना घेऊन मुंबईहून व्हेनिसची बोट धरली होती. तेही बायकोच्या औषधोपचारासाठी. तिकडे ते दीड वर्षाहून अधिक राहिले, मुलीला जिनिव्हाच्या शाळेत घातले. आणि परत आल्यावर १९२८ च्या उन्हाळ्यात, ती मसुरीला असताना, ही पृथ्वी कशी झाली, माणूस कसा आला, हे त्यांनी तिला पत्रांतून सांगितले. बापाने मुलीला जग दाखविले ते त्या पत्रांत. त्याला शाई लागली आणि वेळ लागला.

या दोन्ही उदाहरणांत मूल मोठ्यांच्या खऱ्या कामात सामील झाले, आणि जिथे गेले तिथे राहिले. आमच्या बोटीवर या दोन्ही गोष्टी नाहीत. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या पाहुण्याला कोणत्याच गावात मान नसतो. व्हेनिसच्या मुख्य कालव्यातून अजस्र प्रवासी बोटी नेण्याला इटलीच्या सरकारने २०२१ च्या ऑगस्टपासून बंदी घातली. बार्सिलोनाने अशा बोटींचे सात धक्के २०३० पर्यंत पाचांवर आणायचे, असे २०२५ साली ठरविले. यजमान दार लोटून घेत असताना मुलांना घेऊन आत शिरण्यात त्यांच्यावर कोणता संस्कार होतो, हे पत्रक छापणाऱ्यांनी एकदा सांगावे.

बोटीच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पेट्या एकदाच उघडाव्या लागतात. रोज नवे हॉटेल शोधावे लागत नाही. डॉक्टर असतो, लिफ्ट असते. माझी आई सत्तरीची, गुडघे गेलेले. तिने खुर्चीत बसून सात दिवस समुद्र पाहिला आणि म्हणाली, 'आता डोळे मिटले तरी चालतील.' त्या एका वाक्यासाठी मी पुन्हा कर्ज काढीन. पण मग अर्जात तसे लिहावे : 'आईसाठी', 'स्वतःसाठी', 'भावाची बरोबरी करण्यासाठी'. हौस हा काही गुन्हा नाही. तीस वर्षे राबलेल्या माणसाला समुद्र पाहावासा वाटला तर तो त्याचा हक्क आहे. तो त्याने स्वतःच्या नावावर बजवावा.

आणि मुलांना न्यायचेच असेल तर त्यांच्या चालीने न्यावे. परदेशी जाणार असाल तर एकच गाव धरा, आठ दिवस राहा, रोज त्याच दुकानातून पाव आणा, त्याच बागेत मूल खेळवा. पाचव्या दिवशी त्या बागेतले दुसरे मूल त्याला ओळखेल, तो त्याचा युरोप. बोटीनेच गेलात तर दोन बंदरे खुशाल सोडा. सगळे उतरून गेले की बोट रिकामी होते, त्या दिवशी मूल तिचे मालक असते. झोपेचे घड्याळ बसेपर्यंत फोटो काढू नका. आणि जाणे झाले नाही, तरी मन खट्टू करू नका. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी ज्या पुणे-नगर रस्त्यावर धावली, त्या रस्त्याचे आपण लोक. खिडकीजवळची जागा आणि शेजारी उत्तरे द्यायला मोकळा बसलेला बाप, एवढ्यावर चार वर्षांचे मूल अकोल्यापर्यंत न कंटाळता जाते. मेअखेरीला भंडारदऱ्याकडची झाडे काजव्यांनी लखलखतात. ते पाहायला कोणी मुलाला 'हस' म्हणून सांगावे लागत नाही.

परत येऊन आता पाच महिने झाले. मुलीला परवा विचारले, बोटीवरचे काय आठवते? ती म्हणाली, 'लिफ्टची बटणे. आणि बादलीवाले काका.' रोमचे मांजर तिच्या डोक्यातून गेले असावे. मी विचारले नाही. उद्या तीही जातील, बटणे आणि काका. जावोत. तिने ती माझ्यासाठी जपून ठेवावीत, असा करार तिच्याशी झालेला नाही.

अंगणात किल्ल्याची माती भिजत पडली आहे. तिला त्यात यंदा बोट ठेवायची आहे. शिवाजीमहाराजांच्या शेजारी बोट कशी, म्हणून सौ. रागावली, मी म्हटले ठेवू दे, महाराजांचे आरमार होते. मघाशी ती चिखलाचे हात घेऊन आत आली आणि हा कागद पाहून विचारू लागली, 'बाबा, काय लिहिता?' मी म्हणालो, माझा हिशेब.

पतपेढीचे एकतीस हप्ते राहिले आहेत. कागदावर कारण काहीही लिहिलेले असो, ते माझ्या नावावर आहेत.